तारामतीच्या वेषातले कॅमेरामन

उजनीचे पाणी अडले आणि भीमेकाठची कितीतरी जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. मग ती करमाळा-माढ्याकडची असोत वा पलीकडची इंदापूर-भिगवणकडची, त्या गावांत लुगडे नेसलेला पुरुष पाहून कुणी दचकत नसे. तमाशाच्या गवळणीत कृष्णाला अडवणारी मावशी हा बाप्याच असायचा, तिच्या मिशीचे खुंट पहिल्या रांगेतल्या पोरांना स्पष्ट दिसायचे आणि तरी तिच्या नखऱ्याला शिट्ट्या मिळायच्या. भारुडात पदर सावरणारी बाई म्हणजे दिवसा नांगर धरणारा कुणीतरी गडी. आणि डोक्यावर जग घेऊन दारात येणारा यल्लमाचा जोगता, त्याच्या परडीत तर आयाबाया पाया पडून पीठमीठ घालायच्या. तो वळला की मागे हसणेही चालायचे, पण पाया पडायच्या अगोदर नव्हे. पाया पडणे आणि हसणे, दोन्ही एकाच उंबऱ्यावर. आपल्या समाजाची ही जुनी सवय आहे.

जत्रेतला तंबूतला सिनेमा याच गावांतल्या माणसांनी डोळे विस्फारून पाहिला. पण पडदा आणि बोर्ड यांचे नाते किती जवळचे होते, हे त्यांच्या कानावर फारसे आले नसावे. आपल्या देशात तयार झालेल्या पूर्ण लांबीच्या पहिल्या चित्रपटाची नायिका म्हणजे तमाशातल्या मावशीचीच एक चुलतबहीण होती. तिचे नाव अण्णा साळुंके. आणि ही नायिका पुढे लुगडे उतरवून कॅमेऱ्यामागे गेली, तिथे दहा वर्षे पाय रोवून उभी राहिली आणि दोन चित्रपटांची दिग्दर्शकही झाली, ही त्या गोष्टीची उत्तरार्धातली बाजू तर पुष्कळांना ठाऊकच नसते.

सुरुवात करावी लागते ती १९१२ च्या मुंबईपासून. दादासाहेब फाळके विलायतेहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. दादरला बिऱ्हाड होते, घरातच फिल्मला भोके पाडायची, घरातच ती धुवायची. राजा हरिश्चंद्राची कथा ठरली. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. रोहिदास घरातच होता, दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. अडले ते तारामतीपाशी. वर्तमानपत्रात जाहिरात दिली. जाहिरातीचा उपयोग झाला नाही म्हणून फाळके नाचगाण्याच्या वस्तीत गेले. तिथल्या बायकांनीही नकार दिला. नाटकात काम करणे ज्यांना कमीपणाचे वाटत नव्हते, त्यांनासुद्धा या हलत्या चित्रांत चेहरा देणे कमीपणाचे वाटले! सरस्वतीबाईंनी, म्हणजे फाळक्यांच्या पत्नीने, ही भूमिका करावी असाही विचार झाल्याचे सांगतात. पण साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री फिल्मचे काम आणि त्यावर संसार, एवढे एका बाईच्या अंगावर असताना तारामती होणार कोण?

त्या दिवसांत फाळके ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात जात असत. तिथे साळुंके नावाचा एक तरुण कामाला होता. कुणी त्याला आचारी म्हटले आहे, कुणी वाढपी. अंगाने सडपातळ, बोटे नाजूक, चालण्याबोलण्यात एक मार्दव. हॉटेलात त्याला महिना दहा रुपये मिळत होते. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पाच रुपयांच्या फरकावर भारतीय सिनेमाला पहिली नायिका मिळाली, असे म्हटले तर ती थट्टा होणार नाही. तेव्हा महिन्याला पाच रुपये म्हणजे गरिबाच्या घरात दाण्यागोट्याची सोय होती.

साळुंके यांनी होकार दिला तो कोणत्या विचाराने दिला असेल? कलेची ओढ म्हणावी तर कलेचे हे दुकान अजून उघडलेही नव्हते. रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टीला निदान प्रतिष्ठा होती. बालगंधर्वांच्या शालूची आणि नथीची नक्कल त्या वेळी मोठ्या घरच्या लेकीसुना करू लागल्या होत्या. सिनेमात काम करणाऱ्याला मात्र नाव सांगायची चोरी. आपल्या माणसांना कुणी विचारलेच तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा, अशी शिकवण फाळक्यांनी दिली होती. त्याच फॅक्टरीवर २००९ साली परेश मोकाशी यांनी मराठी चित्रपट केला, तो घरोघरी पाहिला गेला.

त्यातला मिशांचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. बायकांच्या कामासाठी घेतलेल्या पुरुषांनी मिशा उतरवायला साफ नकार दिला. बाप गेल्यावरच मिशा काढायच्या, हा रिवाज. हसण्यावारी नेण्यासारखा हा मुद्दा नाही. त्या माणसांच्या लेखी लुगडे नेसणे हे सोंग होते, संध्याकाळी उतरवून ठेवता येणारे. मिशी मात्र उतरवली की घरी जाताना आळीतून तसेच जावे लागणार होते. कॅमेरा जवळून पाहतो, त्याला मिशीचे खुंट चालत नाहीत. तमाशातल्या मावशीला जे खपते ते तारामतीला खपणार नव्हते. बाईपण सरावाचे व्हावे म्हणून या नटांना घरात लुगड्यातच वावरायला लावत, तांदूळ निवडायला बसवत, असेही सांगितले जाते. साळुंके यांना निदान तांदूळ निवडायला शिकवावे लागले नसेल.

चित्रण दादरला झाले. सूर्यप्रकाश हाच दिवा, म्हणून ढग आले की काम बंद. बाहेरची दृश्ये वांगणीच्या परिसरात घेतली, तर तलवारी घेऊन फिरणारी ही टोळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले आणि पोलिसांपर्यंत बातमी गेली. ३७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. पुढे नाटकाला सरावलेल्या प्रेक्षकाला पटावे म्हणून फाळक्यांनी जाहिरात केली ती सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबी आणि भाव फक्त तीन आणे, अशा हिशेबाने. भाजीच्या वाट्यासारखे चित्र विकावे लागले ते असे.

या चित्रपटाच्या दोन रिळांएवढा भाग आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. तो १९१३ चा की फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली त्यातला, यावर अभ्यासकांत वाद आहे. दोन्ही वेळची तारामती साळुंकेच, त्यामुळे आपल्याला त्या वादात पडण्याचे कारण नाही. त्यात जलक्रीडेचे एक दृश्य आहे. तारामती सख्यांसह हौदात उतरली आहे, ओली लुगडी अंगाला चिकटली आहेत, पाणी उडवणे चालले आहे, आणि त्या सगळ्याजणी पुरुष आहेत. आजचा प्रेक्षक हे पाहून हसतो. हसू ओसरल्यावर लक्षात येते की साळुंके हसवायला उभे नाहीत. राजा येतो तेव्हा मान किती झुकवावी, हात कुठे ठेवावा, याचा त्यांनी विचार केलेला आहे. मावशीचा नखरा आणि तारामतीची आब यांत जे अंतर आहे ते त्यांना नेमके कळले होते.

पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाल्या. पडद्यावर खऱ्या स्त्रिया आल्या. साळुंके यांचे काम तेव्हाच संपायला हवे होते. पण एक दार उघडले म्हणून वाट रुळते असे नाही. मायलेकींनी धैर्य दाखवले तरी त्यांच्या मागोमाग रांग लागली नाही. चार वर्षांनी 'लंकादहन' काढायचे ठरले तेव्हा फाळक्यांना सीता पुन्हा साळुंके यांच्यातच शोधावी लागली. आणि गंमत अशी, की रामही त्यांच्यातच सापडला.

१९१७ चे 'लंकादहन' हे साळुंके यांच्या नटपणाचे शिखर. राम आणि सीता दोन्ही एकाच माणसाने केले. भारतीय चित्रपटातली ही पहिली दुहेरी भूमिका धरली जाते. नाटकात हे होणे नव्हते. तिथे राम आणि सीता एकाच वेळी रंगमंचावर उभे राहावे लागतात. सिनेमाचे तसे नाही, तो तुकड्यातुकड्यांनी घ्यायचा आणि मागाहून जोडायचा. शिवाय लंकेच्या कथेत सीता अशोकवनात आणि राम समुद्राच्या अलीकडे, म्हणजे बराच काळ दोघे दूरच असतात. सकाळी धनुष्य घ्यावे आणि दुपारी पदर घ्यावा, इतकी सोय या कथेतच होती. मधला विरहाचा समुद्र ओलांडायला मारुती होताच. ते काम गणपत शिंदे यांनी केले.

लोकांनी काय केले? पडद्यावर राम दिसला की प्रेक्षकांनी वहाणा काढून हात जोडल्याचे सांगतात. पुण्यात गर्दीने थिएटरचे दार मोडायचेच बाकी ठेवले होते. मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीतून बंदोबस्तात न्यावी लागली, ही कथाही तेव्हाचीच. सीतेच्या चोळीतून पुरुषाचे दंड दिसतात हे कुणाला दिसले नसेल असे नाही. दिसूनही लोकांनी ते मनावर घेतले नाही. पाया पडणे आणि हसणे यांपैकी त्या दिवशी पाया पडणेच जिंकले.

इथे आजच्या वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच, आणि घरात सर्वांनी मिळून वाचायच्या पानावरही तो टाळू नये. स्त्रीभूमिका करणारा, चालण्याबोलण्यात नाजूक असणारा हा माणूस स्वतः कोण होता? प्रेमाच्या आणि लिंगभावाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या माणसांसाठी आज क्वीअर हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही येतो. तो साळुंके यांच्या कपाळी चिकटवायला कसलाही आधार नाही आणि तसे करणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. नाजूक बोटे म्हणजे काही पुरावा नव्हे. पण म्हणून त्यांचा या विषयाशी संबंध नाही असे म्हणणेही खोटेच. एका पुरुषाने बाईचे रूप घेतले, ते कोट्यवधींच्या देवघरातल्या सीतेचे रूप ठरले, आणि कुणाचा धर्म बुडाला नाही. बाई आणि पुरुष यांच्यामधली भिंत आपण मानतो तेवढी जाड नाही, हे आपल्या सिनेमाने जन्मतःच दाखवले. बरे, ही ये-जा एकाच बाजूने नव्हती. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्म'मध्ये आणि १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये बाळकृष्ण कोण झाले होते? फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.

या भिंतीची किंमत मोजली ती दुसऱ्यांनी. कोल्हापूरच्या गणपत पाटलांचे उदाहरण आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढचे आहे. तमाशापटांतला नाच्या त्यांनी असा उभा केला की लोकांनी तो खराच मानला. बायकोपोरांचा संसार असलेल्या या नटाला पडद्याबाहेर टोमणे ऐकावे लागले, घरच्यांनाही ते सोसावे लागले. 'रंग नाच्याचा' या आत्मकथनात त्यांनी ते सांगितले आहे. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा याच दुःखाने पिळवटलेला आहे, आणि २०१० साली रवी जाधव यांच्या चित्रपटाने तो घरोघर पोचवला. शंभर वर्षांपूर्वी सीतेला नमस्कार करणारा समाज नाच्याला मात्र क्षमा करत नाही. सीता देवी म्हणून सुटली, नाच्याच्या नशिबी देवपण नव्हते, एवढाच काय तो फरक.

साळुंके यांनी मात्र शहाणपणाची वाट धरली. १ जानेवारी १९१८ ला फाळक्यांनी भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी केली. पुढे भागीदारांशी पटेना म्हणून फाळके स्वतःच कंपनी सोडून काशीला गेले आणि काही काळाने परतले. इकडे कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी १९२० च्या 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना कमलादेवी आणि सुशीलादेवी या नव्या नावांनी पडद्यावर आणले. नावे बदलूनही त्यांच्या वाट्याला समाजाचा बहिष्कार चुकला नाही, पण बायका आता येणार हे ठरून गेले. स्त्रीपार्टी नटाची गरज पडद्याला उरली नव्हती. साळुंके तोवर कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले होते.

मूकपटाचा कॅमेरा चालवणे म्हणजे काय, ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. मोटार नसे. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला सुमारे दोन फेरे, म्हणजे सोळाएक चित्रे. हात चुकला की पडद्यावरचा राम धावू लागणार नाहीतर रेंगाळणार. तोंडाने मोजत, डोळ्याने चौकट सांभाळत, उन्हाचा अंदाज घेत हा दांडा फिरवायचा. मोजमापाची यंत्रे फारशी नव्हती, ऊन किती कडक आहे ते नजरेनेच ठरवावे लागे. चौकटीत एका माणसाने दोन रूपे घ्यायची तर अर्धी काच झाकून एकदा, मग फिल्म मागे फिरवून दुसरी अर्धी झाकून पुन्हा, असे कसब. कॅमेऱ्यापुढे राम आणि सीता दोन्ही होऊन आलेल्या माणसाला या विद्येचे मोल वेगळे सांगायला नको.

१९२२ मध्ये साळुंके यांनी 'सत्यनारायण' दिग्दर्शित केला, १९२३ मध्ये 'बुद्धदेव'. दोन्हींचे छायाचित्रणही त्यांचेच. पहिली कथा म्हणजे ज्या घरात पोथी वाचली गेली नाही असे मराठी घर सापडणे कठीण. साधुवाणी, कलावती, बुडणारी नाव, विसरलेला प्रसाद. दुसरी कथा राजवाडा सोडून जाणाऱ्या राजपुत्राची. अंगावरचे रेशीम उतरवून निघून जाणाऱ्या सिद्धार्थाची गोष्ट तारामतीचे रेशीम उतरवलेल्या माणसाने सांगितली.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे, हॉलिवूडमध्ये, अला नाझिमोवा नावाची नटी आपल्या पदरचे पैसे घालून 'सालोमे' काढत होती. याल्टाला जन्मलेली ही रशियन नटी अमेरिकन रंगभूमीवर आणि पडद्यावर मोठे नाव कमावून होती, स्त्रियांवरच्या तिच्या प्रेमाची कुजबुज चित्रपटांच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक होती. दिग्दर्शक म्हणून नाव चार्ल्स ब्रायंट या तिच्या साथीदाराचे लागले, पण चित्रपट तिच्या कल्पनेचा आणि तिच्या पैशांचा होता. तो चालला नाही आणि पैसे बुडाले. पुढे तिच्या राहत्या घराच्या आवारातच हॉटेल झाले. नाझिमोवाने स्वतःचे मन पडद्यावर मांडले आणि ती बुडाली. साळुंके यांनी स्वतःचे काहीच मांडले नाही, पोथ्यापुराणे मांडली, आणि ते टिकले. दोघांपैकी कोण सुखी, याचा निवाडा करणारे आपण कोण?

दिग्दर्शन दोन चित्रपटांवर थांबले तरी कॅमेरा सुटला नाही. १९३१ पर्यंत तिसांहून अधिक मूकपट साळुंके यांनी चित्रित केले, अभिनय केलेले चित्रपट मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोकांच्या तोंडी राहिली ती तारामती. तिसांहून अधिक चित्रपटांवर नजर ठेवणारा कॅमेरामन विसरला गेला. याला एक कारण आमच्या विसराळूपणाचे आणि दुसरे रसायनाचे. त्या काळची नायट्रेटची फिल्म भुरकन पेट घेई, नाही पेटली तर डब्यातच कुजून तिचे पीठ होई, आणि तिच्यातल्या चांदीसाठी ती विकलीही जाई. 'लंकादहन'चाही एवढासा तुकडाच वाचला आहे. उजनीचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते, खालचा गाव येत नाही. साळुंके यांचे तसे झाले.

त्यांनी वेळेवर लुगडे उतरवले ते किती बरे केले, याची साक्ष बालगंधर्वांनी दिली, तीही नकळत. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते एकनाथ झाले, पुरुषवेषात. मन रमेना. मग १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई'त पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते स्त्रीवेषात कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. रंगमंचावर ज्यांच्या पदराच्या सळसळीने नाट्यगृह भारले जाई, त्यांना पडद्याने स्वीकारले नाही. दिव्यांच्या झोतात तिसऱ्या रांगेतून जे सुंदर दिसते ते कॅमेऱ्याला हातभर अंतरावरून दिसत नाही. हे साळुंके यांना अगोदरच कळले, कारण भिंगाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेला त्यांच्यासारखा माणूस त्या काळात दुसरा नव्हता. एक वाट मात्र तिसरीही होती. तरुणपणी स्त्रीभूमिका गाजवलेले विष्णुपंत पागनीस १९३६ मध्ये तुकाराम झाले, आणि स्त्रीपार्टाचे ते सारे मार्दव तुकोबांच्या डोळ्यांत उतरले.

दिग्दर्शन करणारी आपल्याकडची पहिली स्त्री म्हणून फात्मा बेगम यांचे नाव घेतात, 'बुलबुल-ए-परिस्तान' या १९२६ च्या चित्रपटासाठी. ते योग्यच आहे. फक्त पडद्यावरच्या नायिकांचा हिशेब करायचा तर त्यांच्या चार वर्षे आधी एक नायिका दिग्दर्शक होऊन गेली होती, एवढे टिपून ठेवायला हरकत नाही.

मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला आणि हाताने दांडा फिरवण्याची कला एका फटक्यात जुनी झाली. ध्वनीबरोबर चालायचा तर कॅमेरा ठरावीक वेगानेच चालला पाहिजे, तिथे तोंडाने मोजणाऱ्याचे काय काम? साळुंके यांची चित्रपटांतली अठरा वर्षे इथेच थांबतात. पुढच्या वर्षी, १९३२ च्या फेब्रुवारीत, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' लागला. कथा तीच, हरिश्चंद्राची. तारामती झाल्या दुर्गा खोटे, उच्चभ्रू घरातल्या, झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या. फाळक्यांच्या जाहिरातीला वीस वर्षांनी उत्तर आले, टीका तेव्हाही व्हायची ती झालीच. पाच वर्षांनी, १९३७ मध्ये, 'साथी' या चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शन करून ही दुसरी तारामतीही कॅमेऱ्यामागे गेली.